बिचाऱ्या हळदीवर आळ

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. अकोल्याचे ऊन म्हणजे काय प्रकार आहे, हे वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला, कूलर नुसताच घरघरत होता. अशा दुपारी आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, न्हाणीघरातून निघून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"सूनबाई, वरणात हयद जरा कमी टाकत जा. लघवी पिवयीजर्द हून राह्यली."

मी पातेल्यावरचे झाकण काढून पाहिले. हळद नेहमीचीच, दोन चिमटी. मग त्यांचा औषधांचा डबा उघडला. चार दिवसांपूर्वी डॉक्टरांनी अशक्तपणासाठी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. चोर तिथे सापडला. या गोळ्यांतले बी-२ जीवनसत्त्व मुळातच पिवळे असते, पाण्यात विरघळते आणि शरीराला नको असलेला भाग लघवीवाटे बाहेर पडतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मामाजींना हे सांगितले तसे ते हसले. मीही हसले. पण ते वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले होते आणि तेव्हा त्याचा शेवट हसण्यावारी नेण्यासारखा झाला नव्हता.

म्हणून आज हळदीची वकिली करायची आहे. पण खरी काळजी हळदीची नाही, आपल्या घरातल्या माणसांची आहे.

दोन पेल्यांचा प्रयोग

अनेक वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. तेव्हा मुलांकडून एक साधा प्रयोग करून घेत असे. एका पेल्यात पाणी घ्या, दुसऱ्यात गोडेतेल. दोन्हींत थोडी थोडी हळद टाका आणि ठेवून द्या. पाण्यातली हळद हळूहळू तळाशी बसते, वरचे पाणी फिकट पिवळसर राहते. तेल मात्र पिवळेधमक होते. हळदीचा रंग ज्याच्यामुळे आहे ते कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेलात विरघळते. आपल्या पाटवडीच्या रश्श्यावरची तर्री एवढी रंगदार दिसते, त्यात तिखटाबरोबर हळदीचाही वाटा असतो.

या प्रयोगाचा आणखी एक उपयोग आहे. हळद तळाशी बसल्यावरही वरचे पाणी गडद पिवळे राहिले, तर त्या हळदीत मेटॅनिल यलोसारखा बंदी असलेला रंग मिसळल्याचा संशय घ्यावा. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. एवढी चांगली हळद हाकेच्या अंतरावर पिकत असताना नुसत्या रंगावर भुलून पुडी घेण्याचे कारण नाही.

आता लघवीकडे येऊ. लघवी म्हणजे बहुतांश पाणी. जे पाण्यात विरघळत नाही ते त्या वाटेने सहसा जात नाही. शिवाय पोटात गेलेले कुर्कुमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते, बरेचसे शौचावाटे निघून जाते. वरणभाजीतल्या दोन चिमटी हळदीने लघवी पिवळीजर्द व्हावी, हे म्हणूनच सहसा होत नाही.

मग तो पिवळा रंग येतो कुठून? तो आपल्या रक्ताचाच असतो. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. म्हाताऱ्या पेशी मोडीत निघाल्या की त्यांतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तात सोडते, आतड्यातले जंतू त्याचे रूप पालटतात आणि त्यातला थोडा भाग फिरून रक्तात येऊन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. हे रूपांतर जंतूंमधले कोणते विकर करते, याचा उलगडा अमेरिकेतल्या संशोधकांनी अगदी अलीकडे, २०२४ साली केला. रोज डोळ्यांना दिसणारी गोष्ट, पण तिचा पुरता पत्ता लागायला इतकी वर्षे लागली!

आधी पाणी विचारा

हा रंग दिवसभरात जवळपास तेवढाच तयार होतो. पाणी भरपूर प्यालात तर तो पातळ होतो, तुरीच्या वरणावरच्या निवळीसारखा. पाणी कमी पडले की तोच रंग घट्ट होतो, जवसाच्या तेलासारखा. उन्हाळ्यात घामावाटे इतके पाणी जाते की मूत्रपिंडे उरलेले पाणी जपून वापरतात. म्हणजे लघवी गडद झाली तर पहिला प्रश्न फोडणीला नाही, माठाला विचारायचा.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांतला खारपाणपट्टा सर्वांना माहीत आहे. विहिरीला पाणी आहे, पण ते खारट. माझी मोठी ताई दर्यापूर तालुक्यातल्या अशाच एका गावात दिली होती. तिच्याकडे गेलेला पाहुणा घोटभर पाणी प्यायचा आणि पेला हळूच खाली ठेवायचा. घरची माणसेही तहान मारूनच जगत. या पट्ट्यातल्या मूत्रपिंडाच्या विकारांबद्दल वर्षानुवर्षे बोलले जाते. अशा गावात लघवी गडद होणे ही रोजचीच गोष्ट वाटू लागते आणि धोका नेमका तिथेच असतो. रोज दिसणाऱ्या गोष्टीत एखाद्या दिवशी वेगळे काही मिसळले तर ते ओळखू येत नाही.

ताईचे तसेच झाले.

हळदीचे दूध बंद केले

साल १९९४. श्रावण सुरू होता. ताईला सातवा महिना. तिची सासू जीव लावणारी बाई. सुनेला रोज रात्री स्वतःच्या हाताने हळद घातलेले दूध द्यायची. एके दिवशी ताई म्हणाली की लघवी फार गडद होते, काळ्या चहासारखी. जेवण जात नव्हते, मळमळ होती. पण पोटुशी बाईला मळमळ व्हायचीच, असे सगळ्यांनी धरले. सासूबाई म्हणाल्या, "हयदीचं दूध जास्त झालं असन. बंद करू."

दूध बंद झाले. आठ दिवस त्यात गेले. मग डोळे पिवळे दिसू लागले, तेव्हा कावीळ उतरवणाऱ्याकडे नेले. त्याने चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावले, पाणी पिवळे झाले. "उतरली," असे तो म्हणाला. आंब्याच्या सालीचा रस आधी हाताला चोळलेला असला की निरोगी माणसाच्या हातूनही चुन्याचे पाणी पिवळे होते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग शाळाशाळांतून करून दाखवतात. पुढे मीही तो वर्गात कितीदा दाखवला. पण तेव्हा मी अमरावतीला होते आणि मला खबरच नव्हती.

ताईला अमरावतीला आणले तेव्हा ती ग्लानीत होती. दूषित पाण्यातून झालेली कावीळ, असे डॉक्टर म्हणाले. ताई वाचली. बाळ हाती लागले नाही.

"आठ दिवस आधी आणायला हवं होतं," एवढेच डॉक्टर बोलले. या काविळीवर रामबाण औषध नाही हे खरे, पण वेळेवर दाखल झालेल्या बाईवर लक्ष तरी ठेवता येते. दूषित पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ एरवी बहुतेकांना सोडून जाते. शेवटच्या तिमाहीतल्या गर्भवतीला मात्र ती जिवावर बेतते. अशा बायकांत मृत्यूचे प्रमाण शंभरात वीस-पंचवीसपर्यंत जाऊ शकते. १९५५-५६ साली दिल्लीत सांडपाणी मिसळलेल्या पाण्यामुळे सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती. आपल्या इचलकरंजीने २०१२ साली हेच दुखणे भोगले.

काविळीत यकृताला बिलिरुबिन पित्तात नीट सोडता येत नाही. ते रक्तात साचते आणि लघवीवाटे बाहेर पडू लागते. म्हणून लघवी चहासारखी होते, पुष्कळदा शौच मात्र पांढुरके पडते. यात हळदीचा काहीही संबंध नाही. तरीही घरोघरी कावीळ म्हटली की आधी हळद बंद होते. पिवळ्याने पिवळे वाढते, हा आपला हिशेब! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि त्याच वेळी रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस औषध म्हणून पाजला जातो. तो बर्फ कोणत्या पाण्याचा, हे कोणी विचारत नाही.

हळद आणि हळदीची गोळी

वकिली करताना अशिलाची दुसरी बाजूही सांगायला हवी. जखमेवरच्या हळदीचे अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने लढून १९९७ साली रद्द करवले, तेव्हा आपली सर्वांची छाती फुगली होती. पण त्यानंतर हळद डब्यातून निघून कॅप्सूलमध्ये शिरली. १९९८ साली बंगलोरच्या संशोधकांनी दाखवले की मिऱ्यातल्या पायपरिनबरोबर कुर्कुमिन दिले तर ते रक्तात वीस पट जास्त उतरते. तेव्हापासून मिऱ्याचा अर्क घातलेल्या गोळ्या जगभर खपू लागल्या.

घरच्या जेवणातून आपल्या पोटात दिवसाला फार तर काही दशके मिलिग्रॅम कुर्कुमिन जाते. एका कॅप्सूलमध्ये ते पाचशे मिलिग्रॅम किंवा अधिकही असते. २०१९ साली इटलीत अशी उत्पादने घेणाऱ्या वीसहून अधिक लोकांना यकृताला सूज आली. अमेरिकेतल्या डॉक्टरांनीही अशा १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि त्यांतला एक दगावला. मोठ्या मात्रेतल्या हळदीने लघवीतले ऑक्झलेट वाढते, असेही आढळले आहे. मुतखड्याची खोड असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. म्हणजे गोळ्या घेणाऱ्याची लघवी गडद झाली, तर तो हळदीचा रंग नसून यकृताची हाक असू शकते. गोळ्या थांबवून डॉक्टरांना गाठावे. फोडणीतल्या हळदीला मात्र भ्यायचे कारण नाही.

तर घरातल्या गृहिणींनी, आणि पुरुषांनीही, एवढे लक्षात ठेवावे. लघवी गडद दिसली तर आधी पाणी, ताक, लिंबूपाणी वाढवा. हृदयाचे वा मूत्रपिंडाचे दुखणे असेल त्यांनी डॉक्टरांनी सांगितले तेवढेच प्यावे. नवी औषधे आठवून पहा. क्षयाच्या एका औषधाने, रिफॅम्पिसिनने, लघवी नारिंगी-लाल होते. भिऊन ते औषध सोडू नये. पाणी पिऊनही दिवसभरात रंग उतरला नाही, डोळे पिवळे वाटले, शौच पांढुरके झाले, ताप आला वा लघवीत रक्त दिसले तर दवाखाना गाठा. घरात गर्भवती असेल आणि लघवी चहासारखी दिसली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

ताईच्या सासूबाई पुढे बरीच वर्षे जगल्या. त्या श्रावणानंतर त्यांनी स्वतःच्या वरणात कधी हळद घेतली नाही. पांढरे वरण खाताना त्या खाली मान घालून बसत. त्यांचा दोष हळदीचा नव्हता, हे मी त्यांना दोनदा समजावून सांगितले. त्या ऐकून घेत आणि म्हणत, "असन बाई." तिसऱ्यांदा सांगण्याचा धीर मला झाला नाही. म्हणून आज तुम्हाला सांगितले.