फुप्फुसाचा सारकॉइडोसिस: कोड कोण ठरवतो?

सारकॉइडोसिस बहुतेक रुग्णांत फुप्फुसात किंवा छातीतल्या लसिका ग्रंथींमध्ये दिसतो. म्हणून त्याचा कोड श्वसनविकारांच्या ‘जे’ प्रकरणात असणार, असे नवखा कोडर, म्हणजे वैद्यकीय नोंदींना आजारांचे कोड देणारा, धरून चालतो. आयसीडी-१०-सीएम या अमेरिकेतल्या आजारांच्या कोडसूचीत तो असतो डी८६ या गटात. तेवढ्यावरून उलटा गैरसमजही होतो. डिस्चार्ज कार्डावर हा कोड वाचून इंटरनेटवर शोधणाऱ्या रुग्णाला आपल्याला रक्ताचा विकार किंवा कर्करोग झाला की काय, अशी धास्ती वाटते. डी५० ते डी८९ हे प्रकरण रक्ताच्या आजारांबरोबरच प्रतिकारयंत्रणेच्या काही विकारांचेही आहे, आणि सारकॉइडोसिस या दुसऱ्या भागात येतो. या आजारात प्रतिकारयंत्रणेच्या पेशी एकत्र येऊन ग्रॅन्युलोमा नावाचे सूक्ष्म पुंजके तयार करतात. असे पुंजके त्वचा, डोळे, हृदय, मज्जासंस्था अशा कुठल्याही ठिकाणी होऊ शकतात. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पूर्वी वापरात असलेल्या आयसीडी-९-सीएममध्ये या आजाराला १३५ हा एकच क्रमांक होता, तोही संसर्गजन्य रोगांच्या प्रकरणात. फुप्फुस बाधित आहे हे सांगायला ५१७.८ हा वेगळा कोड जोडावा लागे. आता अवयव कोडच्या आतच आला आहे. आणि अवयव कोणता, हे कोडरने कुठून घ्यायचे, याबद्दलच सर्वांत मोठा गैरसमज आहे.

तो गैरसमज असा, की सीटी स्कॅनचा रिपोर्ट आणि बायोप्सी समोर असली की कोड आपोआप निघतो. फक्त फुप्फुस बाधित असेल तर डी८६.०, फक्त लसिका ग्रंथी असतील तर डी८६.१, दोन्ही असतील तर डी८६.२ हा एकच कोड. आधीचे दोन जोडून लिहायचे नाहीत. छातीच्या एक्स-रेवरून ठरणाऱ्या स्कॅडिंग टप्प्यांशी ही विभागणी बरीच जुळते: पहिल्या टप्प्यात ग्रंथी, दुसऱ्यात ग्रंथी आणि फुप्फुस, तिसऱ्यात फुप्फुस. असे असूनही रुग्णालयात दाखल रुग्णाच्या बाबतीत उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नुसते ‘सारकॉइडोसिस’ लिहिले असेल, तर रिपोर्टमधल्या ग्रंथी पाहून कोडरला स्वतःहून डी८६.२ देता येत नाही. त्या ग्रंथी याच आजाराच्या आहेत, हा वैद्यकीय निष्कर्ष आहे आणि तो काढण्याचा अधिकार डॉक्टरांचा. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकी रुग्णालयांच्या नोंदी वाचणारे कितीतरी मराठी कोडर रोज या मर्यादेत काम करतात. माझ्या मते ही मर्यादा रुग्णाच्या हिताची आहे.

ती हिताची का, हे ग्रॅन्युलोमाच्या उदाहरणावरून कळते. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा दिसला म्हणजे सारकॉइडोसिस सिद्ध झाला, हे खरे नाही. क्षयरोगात, बुरशीच्या संसर्गात, बेरिलियमच्या धुळीमुळे होणाऱ्या आजारातही ग्रॅन्युलोमा दिसतात. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना तीन गोष्टी मागतात: आजाराशी जुळणारी लक्षणे व तपासण्या, ऊतीत मृत भाग नसलेला ग्रॅन्युलोमा, आणि इतर कारणे वगळली जाणे. लॉफग्रेन सिंड्रोम या सारकॉइडोसिसच्या ठराविक लक्षणसमूहासारख्या मोजक्या चित्रांत बायोप्सीशिवायही निदान मान्य होते. भारतात तिसरी अट सर्वांत कठीण, कारण इथे क्षयरोग मोठ्या प्रमाणावर आहे आणि छातीतल्या ग्रंथी दोन्ही आजारांत सुजतात. सारकॉइडोसिस समजून नुसती स्टिरॉइड सुरू केली आणि मुळात क्षयरोग निघाला, तर संसर्ग बळावतो. उलट चूक झाली तर रुग्ण महिनोन्‌महिने टीबीची औषधे विनाकारण घेतो. म्हणून ‘सारकॉइडोसिसची शक्यता’ आणि ‘सारकॉइडोसिस’ या दोन नोंदींत खूप अंतर आहे. अमेरिकी नियमांनुसार ओपीडीत ‘संशयित’ निदानाला आजाराचा कोड देत नाहीत. खोकला, सुजलेल्या ग्रंथी, स्कॅनमधला दोष, जे निश्चित आहे त्याचाच कोड देतात. दाखल रुग्णाचे निदान डिस्चार्जच्या वेळीही ‘संभाव्य’ राहिले, तर मात्र रुग्णालयाच्या बिलासाठी तो आजार असल्याप्रमाणे कोड देता येतो. एका ठिकाणचा नियम दुसरीकडे लावल्याने पुष्कळ चुका होतात.

यावर डॉक्टरांचा आक्षेप रास्त वाटतो: ओपीडीत रांग लागलेली असताना एवढे तपशील कोण लिहिणार? कोड शेवटी बिलापुरताच आहे, मग डी८६.९, म्हणजे ‘अवयव न सांगितलेला’, चालणार नाही का? तो क्लेमपुरता कदाचित चालेलही. पण या कोडवरून अभ्यासासाठी रुग्ण निवडले जातात, आणि पुढचा डॉक्टर रुग्णाची आजारांची यादी वाचतो तीही याच कोडमधून. हृदयाच्या सारकॉइडोसिसला डी८६.८५ हा स्वतंत्र कोड आहे. त्यात हृदयाचे ठोके अचानक बिघडून जीवाला धोका होऊ शकतो. अशा रुग्णाच्या यादीत फक्त डी८६.९ उरला, तर ही सूचनाच कागदावरून पुसली जाते. वेळेचा प्रश्नही दिसतो तितका मोठा नाही. ‘बायोप्सीने सिद्ध, फुप्फुस व छातीतल्या ग्रंथींचा सारकॉइडोसिस, टीबीची तपासणी निगेटिव्ह, प्रेडनिसोलोन चालू’ एवढी एक ओळ बहुतेक वेळा पुरते. ती नसेल तर कोडरने डॉक्टरांना विचारावे, पण प्रश्न हवे ते उत्तर सुचवणारा नसावा.

नेमका कोड मिळाला म्हणजे आजार पूर्ण नोंदला गेला, असेही नाही. आजार सक्रिय आहे की शांत, चौथ्या टप्प्यातला फायब्रोसिस आहे का, श्वसनक्षमता किती उरली, यातले काहीच डी८६.० सांगत नाही. दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडला झेड७९.५२ आणि रक्तात वाढलेल्या कॅल्शियमला ई८३.५२ असे वेगळे कोड लागतात, आणि तेही नोंद असेल तरच देता येतात. सर्वांत नकळत होणारी चूक ‘हिस्टरी ऑफ सारकॉइडोसिस’ लिहिण्याची. डॉक्टरांना म्हणायचे असते की आजार जुना आहे. कोडिंगमध्ये त्याचा अर्थ आजार संपला असा होतो आणि तो झेड८६.२ या गतकाळच्या आजारांच्या कोडकडे जातो. रुग्ण अजून रोज प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेत असला, तरी कागदावर तो बरा झालेला असतो.