कोलंबियाचे पत्र : सहाच्या बातम्या विद्यार्थ्यांच्या हाती

कोलंबिया, मिसुरी

विष्णुपुरीच्या मित्रांनो,

हे शहर सव्वा लाख वस्तीचे, म्हणजे नांदेडपेक्षा कितीतरी लहान. तरी त्याला स्वतःची टीव्ही केंद्रे आहेत, आणि त्यातले केओएमयू हे चक्क इथल्या मिसुरी विद्यापीठाच्या मालकीचे आहे. १९५३ पासून चाललेले, जाहिरातींवर जगणारे आणि एनबीसी नेटवर्कशी जोडलेले हे केंद्र पक्के व्यावसायिक आहे. इथे बातमीदार म्हणून विद्यार्थी धावतात आणि न्यूजरूमचे वरिष्ठ हेच त्यांचे प्राध्यापक असतात.

हे इथेच का जमले, ते कळायला अमेरिकेतली टीव्हीची घडण पाहावी लागते. आपल्याकडे मराठी वाहिनीची बातमी मुंबईत ठरते आणि नांदेडच्या वाट्याला बहुतेकदा खालची पट्टी येते. इथे परवाना त्या-त्या गावाच्या केंद्राला मिळतो. मालिका, सामने आणि देशाच्या बातम्या नेटवर्ककडून येतात. गावाची बातमी केंद्राने स्वतः करायची. शाळा मंडळाची बैठक, नगरपरिषदेचे अंदाजपत्रक, वादळाचा इशारा हे सगळे त्यात आले. याच राज्यात जोप्लिन गावावर २२ मे २०११ रोजी टोर्नेडो आला आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्यामुळे हवामानाचे बुलेटिन लागले की इथली माणसे हातातले काम ठेवून बघतात.

विद्यार्थ्यांच्या हाती खऱ्या बातम्या सोपवण्याच्या पद्धतीचे मूळ वर्तमानपत्रात आहे. या विद्यापीठाचे पत्रकारिता विद्यालय १९०८ साली वॉल्टर विल्यम्स यांनी सुरू केले. स्वतः कधी कॉलेजात न गेलेला, छापखान्यात उमेदवारी करून संपादक झालेला हा माणूस. १४ सप्टेंबरला पहिला तास झाला आणि विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचा पहिला अंकही त्याच दिवशी निघाला. आधी थिअरी, प्रॅक्टिकल शेवटच्या सेमिस्टरला, असा क्रम त्यांनी ठेवलाच नाही.

मला इथे शिकायचे होते ते शिकवणे. एका दुपारी एक मुलगी शाळेच्या बसमार्गांची स्टोरी घेऊन एडिटिंगला बसली होती. बैठकीचे भरपूर शूट, तीन बाइट, निवेदनही लिहून तयार. प्राध्यापक हात मागे बांधून तिच्यामागे उभे राहिले, रफ कट पूर्ण पाहिला आणि एवढेच विचारले, ‘‘यात बस कुठे आहे?’’ टाइमलाइनवर नुसत्या खुर्च्या आणि माइक होते. शाळा सुटायला थोडाच वेळ होता. ती ट्रायपॉड उचलून निघाली. परत आली तेव्हा तिच्याकडे बसच्या उंच पायरीवर गुडघा टेकून चढणारे एक छोटे पोर होते आणि दार बंद होतानाचा फुस्स असा आवाज. सहाच्या बुलेटिनमध्ये तिची स्टोरी त्याच शॉटने सुरू झाली. प्राध्यापकांनी माउसला हातही लावला नाही.

‘‘सर, तुम्हीच कापून द्या ना’’ हे आपल्याकडे कानावर येणारे वाक्य. शिक्षकाच्या हातून काम सुबक होते आणि जर्नलला मार्कही मिळतात, पण पोराचा हात बसत नाही. डेडलाइन डोक्यावर असताना गप्प उभे राहायचे, आणि चुकीचे नाव किंवा आकडा दिसताच मात्र बातमी तिथेच रोखायची, हे दोन्ही एकाच माणसाला जमावे लागते. मला यातले पहिले अधिक अवघड वाटते.

मिसुरीचे केंद्र जसेच्या तसे नांदेडजवळच्या आपल्या विष्णुपुरीत उभे राहणार नाही. आपल्या कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही आणि उपग्रह वाहिनी आवाक्याबाहेरची. पण कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. उणीव आहे ती ठरल्या वेळी आपली वाट बघणाऱ्या माणसांची. पावसाळ्यात जायकवाडीतून पाणी सुटले, पूर्णेला पूर आला की आपल्या विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडतात आणि गोदाकाठच्या गावांना इशारा जातो. ती गावे अशी वाट बघतातच.

म्हणून पावसाळाभर रोज संध्याकाळी सातला मोबाइलवर तीन मिनिटांचे बुलेटिन काढावे असे माझ्या मनात आहे. किती क्युसेक विसर्ग, कोणता घाट बंद, कोणता रस्ता पाण्याखाली. बातमीदार, कॅमेरा, एडिटिंग सगळे विद्यार्थ्यांचे. आकडा मात्र शिक्षकाने पडताळल्याशिवाय पुढे जाणार नाही. मी येईपर्यंत पाटबंधारे खात्यात रोज कोणाला फोन करायचा ते विचारून ठेवा, आणि धरणाच्या खालच्या अंगाच्या गावांची यादी करा. यादी मुलांनाच करू द्या, गावोगाव जाऊन.