प्रश्नमंजूषा : वाद कीं जल्प ?

चारचौघांत प्रश्न विचारून बुद्धीची पारख करण्याची रीत आपणांकडे आजची नाहीं. बृहदारण्यकांत जनकराजानें हजार गाई उभ्या केल्या, त्यांच्या शिंगांस सोनें बांधलें, आणि जो सर्वांत श्रेष्ठ ज्ञानी असेल त्यानें त्या हांकून न्याव्या असें सभेस सांगितलें. याज्ञवल्क्यांनीं प्रश्नोत्तरांस आरंभ होण्यापूर्वींच शिष्याकरवीं गाई हांकविल्या व मग एकामागून एक उठणाऱ्या पंडितांस तोंड दिलें. त्या सभेंत गार्गी दोनदां प्रश्न करण्यास उठली. आणि तिचें समाधान होतांच, यांस जिंकणारा येथें कोणी नाहीं, हें इतर ब्राह्मणांस तिनेंच सांगितलें. निर्भयपणें विचारावें व पटल्यावर तितक्याच मोकळ्या मनानें मान्य करावें, हा त्या कथेंतील धडा आम्हांस गाईंच्या संख्येहून मोलाचा वाटतो.

हें स्मरण होण्याचें कारण आमच्या नगर जिल्ह्यांतील शाळांतून होणाऱ्या विज्ञान व गणित या विषयांच्या प्रश्नमंजूषा-स्पर्धा. जिल्ह्यास २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें, तरी जुन्या मंडळींच्या तोंडीं अजून 'नगर'च आहे, तें वाचकांनीं चालवून घ्यावें. रामन यांनीं २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं लावलेल्या शोधाच्या स्मरणार्थ तो दिवस १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. रामानुजन यांचा जन्मदिवस २२ डिसेंबर, तो २०१२ पासून राष्ट्रीय गणित दिन झाला. या दोन दिवसांच्या सुमारास माध्यमिक शाळांतून मुलांचे संघ बांधले जातात, व्यासपीठावर घंटा मांडल्या जातात, आणि फेऱ्यांमागून फेऱ्या रंगतात. मुलें धीट होतात, क्रमिक पुस्तकाबाहेरचें वाचूं लागतात, दुसऱ्या शाळेंतील मुलांशीं स्नेह जोडतात. हे लाभ लहान नव्हेत. म्हणून जें पुढें लिहीत आहों तें स्पर्धेच्या विरुद्ध नसून तिच्या हितासाठीं आहे.

न्यायशास्त्रकारांनीं चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व समजावें म्हणून होतो तो वाद. केवळ जिंकावें म्हणून होतो तो जल्प. आणि स्वतःचें कांहींच न मांडतां दुसऱ्याचें खोडावयाचें ती वितंडा. कोणत्याहि प्रश्नमंजूषेस हेंच माप लावून पाहावें. मुलें घरीं परततात तेव्हां त्यांच्या मनांत एखादी गोष्ट अधिक उलगडलेली असते, कीं केवळ गुणांचा आंकडा असतो ?

एका मुलीचा प्रतिप्रश्न

कांहीं वर्षांपूर्वीं नगर शहरांतील एका शाळेंत अशी स्पर्धा आम्ही पाहिली. शाळेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. परीक्षकांनीं विचारलें, पाणी किती अंशांवर उकळतें ? अकोले तालुक्यांतून आलेल्या एका मुलीनें सर्वांआधीं घंटा दाबली आणि विचारलें, "कोठें ?" सभागृह हंसलें. परीक्षकांच्या हातांतील कागदावर 'कोठें' हें उत्तर नव्हतें. प्रश्न पुढील संघाकडे गेला, 'शंभर' असें उत्तर आलें, टाळ्या पडल्या व दहा गुण फळ्यावर चढले. ती मुलगी पुढील तीन फेऱ्यांत एकहि घंटा दाबावयास धजली नाहीं.

आतां विचार करावा. द्रवाचा बाष्पदाब भोंवतालच्या हवेच्या दाबाइतका झाला म्हणजे द्रव उकळूं लागतो. उंच जावें तसा हवेचा दाब उतरतो, आणि दर तीनशें मीटरांस पाण्याचा उत्कलनबिंदु सुमारें एक अंशानें खालीं येतो. अकोले तालुक्याच्या सीमेवर कळसूबाईचें शिखर आहे. त्याची उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रांतील सर्वांत अधिक. तेथें चूल मांडली तर पाणी साडेचौऱ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळेल. डाळ शिजावयास वेळ लागेल. आणि झांकणावर शिटीचें वजन ठेवून आंतील दाब वाढविणाऱ्या कुकरचें मर्महि तेथेंच उमगेल. खुद्द नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेसहाशें मीटर उंचीवर आहे. म्हणजे ज्या सभागृहांत 'शंभर'ला टाळ्या पडल्या, त्या सभागृहांत तरी पाणी शंभर अंशांवर उकळलें नसतें. अठ्ठ्याण्णवाच्या आंतच उकळलें असतें! त्या दिवशीं भौतिकशास्त्र कोणास समजलें होतें, याचा निवाडा वाचकांनींच करावा.

दोष परीक्षकांच्या हेतूंत नव्हता. घंटेचा वेग आणि छापील उत्तराचा कागद, या दोहोंच्या मध्यें विचारास जागाच उरली नव्हती. वादाचा जल्प होतो तो असा.

रँग्लरांच्या देशांतील अनुभव

ही अडचण आपलीच आहे असें नाहीं. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ सालीं केंब्रिजच्या गणित ट्रायपॉस परीक्षेंत सीनियर रँग्लर झाले. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय. सगळ्या महाराष्ट्रास त्याचा आनंद झाला, आणि पुढें 'रँग्लर' हा शब्द मराठी घरांतून हुशार मुलासाठीं सहज वापरला जाऊं लागला. या शब्दाचा मूळ अर्थ वाद करणारा असा आहे, कारण आरंभीं ती परीक्षा तोंडी वादविवादाची असे. परंतु काळाच्या ओघांत ती लेखी झाली, गुणानुक्रमाचें माहात्म्य वाढलें, आणि वरचा क्रमांक लागावा म्हणून विद्यार्थी खासगी शिकविणारांकडे ठराविक तऱ्हेचीं उदाहरणें घोटूं लागले. हार्डी यांच्यासारख्या गणितज्ञांनीं त्यावर कडक टीका केली, आणि १९०९ नंतर रँग्लरांचा गुणानुक्रम जाहीर करण्याची प्रथाच त्या विद्यापीठानें बंद केली. ज्या क्रमांकाची एवढी प्रतिष्ठा होती तोच विद्येस मारक होतो असें दिसतांच त्यांनीं तो मोडला, ही गोष्ट आजच्या 'क्लास'च्या दिवसांत पालकांनीं ध्यानीं धरण्याजोगी आहे.

दुसरा अनुभव हंगेरीचा. त्या लहानशा देशांत १८९४ पासून नुकत्याच शाळा संपविलेल्या मुलांसाठीं गणिताची एक स्पर्धा होत आली. तीन प्रश्न, वेळ चार तास, आणि विशेष म्हणजे हवीं तीं पुस्तकें व टांचणें जवळ बाळगण्याची मोकळीक ! पुस्तक उघडूनहि जें सांपडणार नाहीं असेंच त्यांत विचारलेलें असे. कार्मान, झिलार्ड, टेलर हे पुढें जगद्विख्यात झालेले शास्त्रज्ञ या स्पर्धेंतील यशस्वी मुलांपैकींच होत. १९५९ सालीं रुमानियांत सात देशांनीं सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचें वळणहि असेंच आहे : दोन दिवस, रोज साडेचार तास, रोज तीनच प्रश्न. भारत १९८९ पासून तेथें जाऊं लागला आणि १९९६ सालीं तें ऑलिंपियाड मुंबईंत भरलें. तेथें प्रश्नपत्रिकेचें भाषांतर करून ती मुलास समजेल अशा भाषेंत देतात व उत्तरहि त्यास आपल्या भाषेंत लिहितां येतें. ज्या नेवाशांत ज्ञानेश्वरांनीं गीतेचा अर्थ मराठींत सांगितला, तो नेवासें गांव आमच्याच जिल्ह्यांत असतां, मराठींत विचार करणाऱ्या मुलानें विज्ञानाच्या व्यासपीठावर संकोचावें, हें आम्हांस विपरीत वाटतें.

आपल्या राज्यांतहि चांगलें उदाहरण आहे. मुंबईच्या विज्ञान अध्यापकांच्या मंडळानें १९८१ सालीं सहावी व नववीच्या मुलांसाठीं डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. तींत लेखी परीक्षेवर काम भागत नाहीं. पुढें प्रात्यक्षिक असतें, मुलानें स्वतः केलेला प्रकल्प पाहिला जातो व मुलाखत होते. ज्यास मोजपात्र हातीं धरतां येत नाहीं, तो पाठांतरावर फार दूर जाऊं शकत नाहीं.

प्रश्न कसा असावा

भास्कराचार्यांनीं ११५० सालीं सिद्धान्तशिरोमणि रचला. त्यांतील पाटीगणिताचा भाग म्हणजे लीलावती. हा सारा भाग प्रश्न विचारीत विचारीत शिकवितो, आणि ते प्रश्न पुष्कळ ठिकाणीं एका मुलीस उद्देशून आहेत. बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्यानें मोडला व त्याचें टोंक बुडापासून सोळा हातांवर जमिनीस टेकलें, तर तो किती उंचीवर मोडला, असें ते विचारतात. उत्तर बारा हात. पण 'बारा' एवढें पाठ करण्यांत कांहीं नाहीं. मोडलेला भाग कर्ण, उभा भाग भुज व जमीन दुसरी भुज हें चित्र डोळ्यांपुढें आलें, म्हणजे वेळू बदलला तरी मूल अडत नाहीं. अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवासांत असतां १९४४ सालीं पंडित नेहरूंनीं भारताविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्यांतहि त्यांना प्राचीन गणितावर एक प्रकरण लिहावेंसें वाटलें व लीलावतीचें नांव घ्यावेंसें वाटलें.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत, देवळालीस, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नांवाचे एक शाळामास्तर होते. मोठी पदवी नाहीं, विद्यापीठांत जागा नाहीं. पण अंकांशीं खेळण्याचा नाद दांडगा. त्यांनीं दाखविलें कीं, सगळे अंक सारखे नसलेली कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमानें मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तराचें पुन्हां तेंच करावें. फार तर सात वेळां केल्यावर ६१७४ हीच संख्या येते व मग ती हलत नाहीं. १९४७ घेऊन पाहूं. ९७४१ वजा १४७९ म्हणजे ८२६२. ८६२२ वजा २२६८ म्हणजे ६३५४. पुढें ३०८७, मग ८३५२, आणि पांचव्या वेळीं ६१७४. हा खेळ चौथीचें मूल करूं शकतें. मात्र 'असें कां होतें ?' हा प्रश्न घरांतील पदवीधरासहि बसवून ठेवील. प्रश्न असावा तो असा.

आणि प्रश्नांसाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. आमचा जिल्हा क्षेत्रफळानें राज्यांत सर्वांत मोठा. एका टोंकास भंडारदऱ्याचें धरण, दुसऱ्या टोंकास उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणारीं गांवें. एक हेक्टर शेतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी पडलें ? दहा लाख लिटर. म्हणजे दहा हजार लिटरांचे शंभर टँकर. हें गणित ज्या मुलानें स्वतः मांडलें, त्यास बांध कां घालावा हें निराळें सांगावें लागत नाहीं. हिवरेबाजारच्या लोकांनीं पाऊस मोजून ग्रामसभेंत पाण्याचा ताळेबंद मांडला व कोणतें पीक घ्यावें हें त्यावरून ठरविलें; हें एका गांवानें सोडविलेलें शाब्दिक उदाहरणच आहे. पारनेर तालुक्यांत निघोजला कुकडी नदीच्या काळ्या खडकांत रांजणखळगे आहेत. पाण्याच्या भोंवऱ्यांत सांपडलेल्या गोट्यांनीं कठीण बेसाल्ट कसा कोरला? अकोल्याच्या डोंगरांत पावसाळ्याच्या तोंडावर काजवे चमकतात. तो प्रकाश हातास चटका कां देत नाहीं? असे प्रश्न कोणत्याहि छापील संचांत मिळणार नाहींत, आणि मुलास ते आपले वाटतील.

शाळांनीं व घरांनीं काय करावें

स्पर्धा भरविणारांस आमची नम्र सूचना अशी. निदान अर्धे गुण उत्तरास न देतां कारणास द्यावे. गणिताच्या फेरीस घंटा नसावी. कागद, पेन्सिल व पुरेसा वेळ असावा. एक फेरी हातानें करावयाच्या प्रयोगाची असावी, आणि एक अशी, कीं जींत मुलेंच परीक्षकांस प्रश्न विचारतील. छापील उत्तराहून निराळें उत्तर आलें तर क्षणभर थांबून तें ऐकून घेण्याचा परीक्षकांस अधिकार असावा. शिवाय चौदा तालुक्यांच्या जिल्ह्यांत सर्व स्पर्धा शहरांतच झाल्या, तर जामखेड व अकोल्याच्या मुलांची अर्धी शक्ति प्रवासांतच खर्च होते. पहिल्या फेऱ्या तालुक्यांतच व्हाव्या.

घरांस सांगावयाचें तें याहून सोपें आहे. ज्या घरांत आजोबा, काका, आत्या व पांचसात मुलें एकत्र जेवतात, तेथें प्रश्नमंजूषेस निराळें सभागृह नको. रात्रीं पानें उचलल्यावर एक प्रश्न मांडावा. उत्तर येतांच 'कशावरून ?' असें विचारावें. सुनेनें विचारलेला प्रश्न व नातवानें विचारलेला प्रश्न सारख्याच आदरानें घ्यावा. वडील मंडळींस उत्तर ठाऊक नसेल तर त्यांनीं तसें सांगावें, आणि दुसऱ्या दिवशीं सर्वांनीं मिळून शोधावें. त्यानें वडीलकीस उणेपणा येत नाहीं, उलट मुलांस शोधाची गोडी लागते. पदक मिळालें तर देवापुढें ठेवावें, न मिळालें तर त्याची चर्चा करूं नये. मात्र स्पर्धेहून आलेल्या मुलास 'कितवा आलास ?' असें विचारण्यापूर्वीं 'आज कोणता प्रश्न आवडला ?' असें विचारण्याची संवय घरोघर लागली, तर पुष्कळ कार्य होईल.