परदेशी शिक्षकाचा व्हिसा आणि संस्थेची दिरंगाई : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

परदेशी शिक्षक भंडारा जिल्ह्याला सर्वस्वी अपरिचित नाहीत. स्कॉटिश मिशनने नागपूरप्रमाणे भंडाऱ्यातही आपले काम उभारले होते आणि त्या निमित्ताने स्कॉटलंडमधील माणसे या भागात येऊन राहत. त्यांच्या वास्तव्याविषयी कायद्याचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. याचे कारण कायद्याच्या व्याख्येत सापडते. १९४६ चा परदेशी नागरिकांविषयीचा कायदा झाला तेव्हा ब्रिटिश प्रजाजन त्याच्या कक्षेत येतच नव्हता. १९५७ च्या दुरुस्तीने ‘भारताचा नागरिक नसलेली व्यक्ती’ अशी सरळ व्याख्या आली. त्याच्या थोडेच आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता. म्हणजे जिल्ह्याचे राज्य बदलले आणि त्यात राहणारा स्कॉटिश मनुष्य कायद्याच्या दृष्टीने परदेशी झाला, या दोन्ही गोष्टी काही आठवड्यांच्या अंतराने घडल्या. व्यवहारात राष्ट्रकुलातील नागरिकांना पुढेही सवलत राहिली. ब्रिटिश नागरिकांना सरसकट व्हिसा लागू झाला तो १९८४ मध्ये.

आजची व्यवस्था याहून पुष्कळ वेगळी आहे. नोकरीसाठी भारतात येणाऱ्या परदेशी शिक्षकाला ‘एम्प्लॉयमेंट व्हिसा’ घ्यावा लागतो. अर्जावर सही त्याची असते. परंतु ज्यांच्या बळावर अर्ज उभा राहतो ते कागद, म्हणजे नेमणूकपत्र, करार, संस्थेच्या नोंदणीचा दाखला आणि हमीपत्र, संस्थेने द्यावयाचे असतात. व्हिसा एका ठरावीक संस्थेतील नोकरीपुरता असतो. भारतात राहून दुसरी संस्था धरण्याची मुभा सामान्यतः नाही. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावयाची असते. मुंबईसारख्या ठिकाणी त्यासाठी स्वतंत्र कार्यालय आहे, तर भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात हे काम जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अधिकारात येते. २०१८ पासून बहुतेक अर्ज संगणकाद्वारे होतात. कार्यालयाच्या फेऱ्या त्यामुळे कमी झाल्या, पण संस्थेचे कागद संस्थेलाच द्यावे लागतात, हे बदललेले नाही.

वेतनाची अट येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अशा व्हिसासाठी किमान वार्षिक वेतन आधी २५,००० अमेरिकी डॉलर व नंतर १६.२५ लाख रुपये ठरविले गेले. इंग्रजीखेरीज अन्य परकीय भाषा शिकविणाऱ्यांना या अटीतून सूट देण्यात आली. याचा अर्थ असा की जिल्ह्यातील एखाद्या शाळेला जपानी भाषेचा शिक्षक आणणे नियमांत बसविता येईल, पण इंग्रजीचा शिक्षक आणावयाचा तर एवढे वेतन द्यावे लागेल, आणि ते बहुतेक संस्थांच्या आवाक्याबाहेरचे आहे. जेथे अट झेपत नाही तेथे पळवाट शोधली जाते. ‘आधी पर्यटक म्हणून या, पुढचे आम्ही पाहून घेऊ’ हे आश्वासन त्या पळवाटेचे सर्वांत परिचित रूप होय.

विलंबाचे दोन प्रकार आहेत आणि चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते. अर्ज दाखल झाल्यावर सरकारी कार्यालयात जो काळ जातो तो एक; संस्थेने अर्ज वा कागद दाखलच न केल्यामुळे जाणारा काळ दुसरा. पहिल्या विलंबात शिक्षकाला कायद्याचे थोडेफार संरक्षण मिळू शकते. अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तेथे एच-वन-बी व्हिसावरील शिक्षकाची मुदतवाढ संस्थेने वेळेत मागितली असेल, तर निर्णय प्रलंबित असताना त्याच संस्थेत २४० दिवसांपर्यंत काम करता येते. मुदत उलटून गेल्यावर अर्ज केला तर हे संरक्षण मिळत नाही. संस्थेच्या कारकुनाने एक आठवडा केलेला आळस अशा रीतीने शिक्षकाच्या आठ महिन्यांच्या निर्वाहावर बेततो.

हा दुसरा विलंब निव्वळ आळसाचा असतोच असे नाही. शुल्काचा खर्च पुढे ढकलणे, शिक्षक टिकतो की नाही हे आधी अजमावणे, ही कारणे असतातच. तथापि त्याहून महत्त्वाचे असे की कागद अपुरे असलेला शिक्षक वेतनाची वा रजेची तक्रार करीत नाही. दिरंगाईचा भार ज्याच्यावर पडतो तो तिला कारणीभूत नसतो. १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या भारताच्या नव्या कायद्यानुसार मुदतीनंतर देशात राहिलेल्या परदेशी व्यक्तीस तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा आरोप राहणाऱ्यावर येतो. कागद अडवून ठेवणाऱ्यावर नव्हे.

भंडारा वा गोंदिया सोडून आखाती देशांत अध्यापनासाठी जाणारा पदवीधर तेथे पोचताच स्वतःच ‘परदेशी शिक्षक’ होतो. १९८३ च्या देशांतर कायद्याने कामगाराच्या कराराची जी सरकारी तपासणी ठेवली, तिच्यातून दहावी उत्तीर्ण झालेल्यांना सूट आहे. शिकलेल्याला आपले हित कळते, हा त्यामागील तर्क. परिणाम मात्र असा की गवंड्याचा करार कोणीतरी पाहतो आणि शिक्षकाचा कोणीच पाहत नाही. संयुक्त अरब अमिरातीत व्हिजिट व्हिसावर काम करवून घेणे बेकायदा आहे. २०२४ च्या दुरुस्तीने अशा मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहम दंड ठरविला. भरतीचा खर्च मालकाने सोसावयाचा असतो, हेही तेथील कायदा सांगतो. पण व्हिसाची मुदत संपल्यावरचा रोजचा दंड चढत जातो तो शिक्षकाच्या नावावर.

मालकाला शिक्षा करणे हा उपाय सरळ वाटतो. परंतु तो उलटूही शकतो. अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीच्या शाळांनी परदेशी शिक्षकांकडून, ज्यांत फिलिपिनो बहुसंख्य होते, व्हिसाचा खर्च वसूल केल्याचे तेथील श्रम खात्याने ठरविले. २०११ मध्ये १,०४४ शिक्षकांना सुमारे ४२ लाख डॉलर परत देण्याचे मान्य झाले. त्याच तडजोडीत त्या शाळांना दोन वर्षे परदेशी कर्मचाऱ्यांसाठी अर्ज करण्यास मनाई झाली. मनाईमुळे ज्यांच्या व्हिसाची मुदत संपत आली होती त्यांचे नवे अर्ज कोणी करावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. नुकसानभरपाई मिळालेल्या शिक्षकांपैकी अनेकांना नोकरीस, आणि पुढे त्या देशासही, मुकावे लागले.

म्हणून शिक्षकाच्या दृष्टीने खरी मौल्यवान वस्तू म्हणजे पोच. ‘काम चालू आहे’ या तोंडी उत्तरावर विसंबण्यापेक्षा अर्ज कोणत्या तारखेस, कोणत्या क्रमांकाने दाखल झाला, हे लेखी मागून घेणे, आणि ही अट नेमणुकीच्या करारातच घालणे, एवढे त्याला रुजू होण्यापूर्वी करता येते. रुजू झाल्यावर ते मागण्याची त्याची ताकद फार कमी उरलेली असते.