ट्यूब माइक घेताय? आधी कॅप्सूलची चौकशी करा

घरी गाणी, ऑडिओबुक किंवा पॉडकास्ट रेकॉर्ड करणाऱ्यांना कधी ना कधी ट्यूब माइकचा, म्हणजे आत व्हॅक्यूम ट्यूब (निर्वात नळी) असलेल्या माइकचा, मोह होतोच. नॉयमनचा १९४९चा यू ४७ आणि एकेजीचा १९५३चा सी १२ हे या घराण्यातले नावाजलेले बुजुर्ग. आज त्यांची किंमत ऐकूनच घाम फुटतो. परवडणारे ट्यूब माइक मात्र आता बरेच मिळतात आणि त्यांच्यासोबत गैरसमजही फुकट येतात.

सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे ‘ट्यूब आहे, म्हणजे आवाज ऊबदारच येणार.’ ट्यूब माइक हा कंडेन्सर माइकच, आणि कंडेन्सर माइकची कॅप्सूल हा मुळात एक कपॅसिटर असतो. सोन्याचा अतिपातळ थर दिलेला प्लॅस्टिकचा पडदा आणि त्यामागे धातूची चकती. आवाजाने पडदा थरथरतो आणि त्यातून सिग्नल तयार होतो, पण तो इतका अशक्त असतो की लांब केबलमधून तसाच पाठवला तर वाटेतच विरून जाईल. त्याला केबलजोगा करणं हे ट्यूबचं खरं काम. नीट आखलेल्या सर्किटमध्ये, साध्या बोलण्या-गाण्याच्या पातळीला ती आवाजात फारशी ढवळाढवळ करत नाही. माइकचा स्वभाव ठरतो तो मुख्यतः कॅप्सूलवरून आणि तिच्याभोवतीच्या सर्किटवरून.

आता गंमत पाहा. स्वस्त माइकमध्ये बहुतेक वेळा नॉयमनच्या के ६७ कॅप्सूलची नक्कल असते. मूळची के ६७ आली १९६०च्या यू ६७ या ट्यूब माइकमध्ये. ही कॅप्सूल वरच्या पट्टीतले आवाज जरा उचलूनच देते. नॉयमनच्या अभियंत्यांना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी सर्किटमध्येच तो उठाव पुन्हा खाली आणण्याची सोय केली. नक्कल करणाऱ्यांनी अनेकदा कॅप्सूल उचलली आणि ही सोय सोडून दिली. मग ट्यूब असूनही ‘स’ आणि ‘श’ सुईसारखे टोचतात. उलट याच घडणीची कॅप्सूल घेऊन नॉयमनने १९६७ साली ट्रान्झिस्टरवर चालणारा यू ८७ काढला आणि जगभरच्या स्टुडिओंनी तो डोक्यावर घेतला. त्यात ट्यूब नावालाही नाही.

‘इंटरफेसवर ४८ व्होल्टचं फँटम आहे, तेवढं पुरे.’ माइकच्या केबलमधूनच वीज पुरवणारं हे फँटम ट्यूबला पुरत नाही. नेहमीच्या १२एएक्स७ ट्यूबचा नुसता हीटर ६.३ व्होल्टवर ०.३ अँपिअर, म्हणजे सुमारे १.९ वॅट खातो. फँटमच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ६.८ किलोओहमचे रेझिस्टर असल्याने त्यातून फार तर ०.१७ वॅट निघतो. म्हणूनच ट्यूब माइकसोबत वेगळा पॉवर सप्लाय आणि जास्त पिनांची जाड केबल येते. ऑडिओ-टेक्निकाचा एटी३०६० फँटमवर चालतो खरा, पण तो अपवाद. आणखी एक, पॉवर सप्लायवर ११५ आणि २३० व्होल्टचा खटका असेल, तर प्लग लावण्याआधी तो २३०वर आहे ना ते पाहा. परदेशातून मागवलेल्या डब्यात तो ११५वर असू शकतो.

‘ट्यूब म्हणजे जास्त स्वच्छ आवाज’ हे तर साफ उलटं आहे. सिडनीच्या रोड कंपनीच्याच दोन माइकचे आकडे घ्या. ट्यूब नसलेल्या एनटी१-ए या स्वस्त माइकचा स्वतःचा सूं आवाज ५ डेसिबल, तर ट्यूबवाल्या एनटीकेचा १२ डेसिबल (दोन्ही ए-वेटेड). खड्या आवाजात गाणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. हळू आवाजात कथा वाचणाऱ्याला मात्र नक्की जाणवेल.

‘ट्यूब बदलली की माइक बदलतो’ हा नाद हौशी लोकांत फार. १२एएक्स७ची वर्धनक्षमता सुमारे १००, १२एटी७ची ६०, १२एवाय७ची ४४. तिन्ही एकाच सॉकेटमध्ये बसतात, आणि एकीच्या जागी दुसरी लावली की माइकची पातळी बदलते, कधी खरखरही कमी होते. खराब कॅप्सूल मात्र त्याने सुधारत नाही. शिवाय आत शंभराहून जास्त व्होल्ट असू शकतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो. हौस म्हणून उघडण्याची ही वस्तू नव्हे.

‘ट्यूब लवकर उडते’ ही भीती गिटार अँपच्या पॉवर ट्यूबवरून आलेली. माइकमधली ट्यूब अगदी हलकं काम करते आणि वर्षानुवर्षं टिकते. पावसाळ्यात माइक चरचरू लागला की मात्र लोक तिलाच दोष देतात. तिथे बहुधा दमट हवेचा हात असतो. कॅप्सूलजवळचा भाग इतक्या उच्च रोधाचा असतो की ओलाव्याचा पातळ थरही भार झिरपू देतो. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी काम संपल्यावर माइक सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवावा, आणि रेकॉर्डिंगआधी किमान १५ मिनिटं चालू ठेवावा.

दुकानात माइक पारखताना गाऊ नका. ‘सासूबाईंनी सकाळीच शंभर शेंगा सोलल्या’ असलं काहीतरी तोंडापासून वीतभर अंतरावर वाचा, रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका. त्यातला एकही ‘स’ कानाला टोचला, तर ट्यूब कितीही नामांकित असो, तो माइक घेऊ नका.