केसाहून पातळ चमक

काही वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या तोंडावर, मी माझी काळी गाडी एका गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ला दिली. संध्याकाळी आणायला गेलो तेव्हा ट्यूबलाइटखाली ती इतकी लखलखत होती, की मी आनंदाने पैसे मोजले. सकाळी झेंडूची माळ घालायला खाली उतरलो. बॉनेटवर ऊन आलं होतं आणि त्या उन्हात रंगाच्या आत धुरासारख्या वळणदार रेघा दिसत होत्या. मी सरकलो की त्याही सरकत. पुढे दोन-तीनदा गाडी धुतल्यावर जुने ओरखडेसुद्धा परत वर आले. ते गेलेच नव्हते, पॉलिशमधल्या तेलाने नुसते बुजले होते. पैसे गेले त्याची हळहळ थोडी, पण गाडीचा रंग विनाकारण झिजला, ती जास्त. यंत्राच्या पॉलिशकडे मी तेव्हापासून लक्ष द्यायला लागलो.

आपण ‘पॉलिश लावलं’ म्हणतो. बुटाच्या बाबतीत ते बरोबर आहे, कारण तिथे मेणाचा थर बसतो आणि राहतो. गाडीच्या बाबतीत हे क्रियापद फसवतं. यंत्राने केलेलं पॉलिश रंगावर टिकणारं काही ठेवत नाही, रंगाचा थर काढतं. जुन्या घरांत मोझॅकच्या फरशीला मशीन लावायचे ते आठवा. आधी जाड दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि खाली राखाडी चिखल वाहायचा. तो चिखल म्हणजे झिजलेली फरशी. आपल्याकडे या कामाला ‘घोटणं’ हा नेमका शब्द आहे. गाडी पॉलिश करणं म्हणजे रंग घोटणं.

पण फरशीला जाडी असते. गाडीच्या पत्र्यावरचे प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन. म्हणजे ज्या थरावर चमक आणि उन्हापासूनचं संरक्षण अवलंबून आहे, तो केसाहून पातळ आहे. कंपाउंडची, म्हणजे जाड कणांच्या पॉलिशची, एक जोरकस फेरी त्यातले दोन-तीन मायक्रॉन सहज नेते. गेलेला थर कुठल्याही बाटलीतून परत येत नाही. म्हणून पॉलिश निवडताना पहिला प्रश्न असा: कमीत कमी किती झिजवून माझं काम भागेल?

आता ओरखड्यांकडे पाहू. मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरा. प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल वर्तुळं दिसतील. खरं तर ते ओरखडे वाटेल त्या दिशेने गेलेले असतात. प्रकाशाला आडवे असलेले तेवढे चमकतात, म्हणून जाळं गोल भासतं. ते रोजच्या फडक्याने पडतं. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. खनिजांच्या मोह्स मापावर त्यांचा कठीणपणा ७ आहे. कोरडी धूळ फडक्याने पुसणं म्हणजे अतिबारीक पॉलिश पेपर फिरवणंच.

पॉलिशमध्ये घासणारे कण बहुधा अॅल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. हाच पदार्थ निसर्गात कुरुंद म्हणून सापडतो आणि त्याचा कठीणपणा ९ आहे. काही पॉलिशमधले कण काम करता करता फुटून बारीक होत जातात. अशा पॉलिशला पूर्ण वेळ द्यावा लागतो. मध्येच पुसलं तर जाड कणांचं धुरकट काम मागे राहतं. दुसऱ्या प्रकारातले कण शेवटपर्यंत त्याच आकाराचे राहतात. तिथे किती कापायचं ते यंत्राला लावलेला पॅड, दाब आणि फेऱ्या ठरवतात.

बाजारात साधारण तीन पायऱ्यांच्या बाटल्या मिळतात: कापणारं कंपाउंड, मधलं पॉलिश आणि शेवटचं फिनिशिंग पॉलिश. बाटलीवरच्या आकड्यांची गफलत करू नका. मेन्झेर्ना या जर्मन कंपनीचं ४०० जोरात कापतं आणि ३८०० अगदी हळुवार आहे, म्हणजे आकडा वाढला की पॉलिश सौम्य. मेग्वायर्सच्या एम १०५ आणि एम २०५ या नावांतून असा काही अर्थ निघत नाही. पॅडच्या रंगांचंही तसंच. एका कंपनीचा पिवळा पॅड दुसऱ्या कंपनीच्या पिवळ्यासारखा कापेल असं नाही. रंग न बघता पॅड लोकरीचा आहे, मायक्रोफायबरचा की फोमचा, आणि फोम दाबून किती कडक लागतो, ते बघा. एकच पॉलिश कडक पॅडवर एक काम करतं आणि मऊ पॅडवर वेगळंच.

यंत्रं मुख्यतः दोन. रोटरी एकाच आसाभोवती फिरतं. ते वेगाने कापतं, उष्णता करतं, आणि त्याच्या खुणा एका वळणात लागतात. माझ्या बॉनेटवरच्या धुरकट रेघा त्याच होत्या: लोकरी पॅड, जाड कंपाउंड आणि नंतर फिनिशिंगच नाही. ड्युअल अॅक्शन यंत्र फिरतंही आणि छोट्या वर्तुळांत डोलतंही. त्यामुळे खुणा एका ओळीत बसत नाहीत. घरी शिकणाऱ्याने हेच घ्यावं. चार इंची अँगल ग्राइंडरला पॅड बसवून पॉलिश करणारे दिसतात. तो मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो, पॉलिशचं रोटरी यंत्र सहाशे ते तीन हजारांच्या टप्प्यात चालतं. ग्राइंडर रंगाजवळ आणू नये.

कामाचा खरा गाभा म्हणजे चाचणीचा तुकडा. गाडी धुऊन, क्ले बारने चिकटलेले कण काढून, सावलीत पत्रा गार झाल्यावर बॉनेटवर दोन फुटांचा चौकोन टेपने आखा. सुरुवात सर्वांत सौम्य जोडीने करा: मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. पॅडवर हरभऱ्याएवढे चार थेंब. यंत्र आधी टेकवायचं आणि मगच सुरू करायचं, नाहीतर पॉलिश भिंतीवर उडतं. हळू वेगात पसरवून मग वेग वाढवायचा. सेकंदाला इंचभर, एवढ्या संथ चालीने आधी आडव्या, मग उभ्या फेऱ्या. प्रत्येक फेरीने मागचा अर्धा पट्टा झाकायचा. दाब यंत्राच्या वजनाहून थोडाच जास्त. पॅडमागच्या प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. ती फिरताना दिसली नाही, तर दाब जास्त आहे आणि पॅड नुसता थरथरतोय.

पाच-सहा फेऱ्यांत पांढरा थर तेलकट, पारदर्शक होतो. तिथे थांबा आणि मऊ मायक्रोफायबरने पुसा. मग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा पुसा, म्हणजे बुजवणारं तेल निघून खरं चित्र दिसेल. टॉर्च धरा. जाळं गेलं असेल तर तीच जोडी सगळ्या गाडीला चालेल. नसेल तर आधी तेच पॉलिश थोड्या कडक पॅडवर घ्या, मग मधलं पॉलिश, आणि कंपाउंड अगदी शेवटी. कंपाउंड वापरलंच तर त्यावर फिनिशिंगची फेरी हवीच. दर तुकड्यानंतर पॅड ब्रशने साफ करा, कारण निघालेला रंग त्यातच साठतो.

दारांच्या कडा आणि पत्र्याच्या घड्या यांवर थर पातळ असतो, तिथे टेप लावा. प्लास्टिकचा बंपर उष्णता लवकर पसरू देत नाही, तिथे यंत्र रेंगाळू देऊ नका. मॅट रंगाला पॉलिश करायचंच नाही. सगळं झाल्यावर मेण किंवा सीलंट लावा. ती मात्र खरोखर ‘लावायची’ वस्तू आहे.

माझ्या गाडीच्या डाव्या दारावर एक ओरखडा आहे. नख फिरवलं की अडकतं. एवढा खोल ओरखडा काढायचा तर आजूबाजूचा क्लिअर कोटही त्याच्या तळापर्यंत उतरवावा लागेल. म्हणून मी त्याच्या कडा फिनिशिंग पॉलिशने थोड्या मवाळ केल्या आणि तो राहू दिला. बॉनेटवरच्या रेघा त्याच पॉलिशने गेल्या. आता सोसायटीत गाडी पुसणाऱ्या दादांना मी दोन बादल्या आणि चार मायक्रोफायबर देऊन ठेवले आहेत. कोरड्या धुळीवर फडकं मारायचं नाही, आधी पाणी सोडायचं, एवढंच आमचं ठरलंय. त्यानंतर तीन दसरे झाले, यंत्र अजून कपाटातच आहे.