एका दंडाची साक्ष

प्लेगच्या धास्तीने मुंबई रिकामी होत असताना, १० जानेवारी १८९७ रोजी, वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. मात्रा १० घनसेंटिमीटर, म्हणजे पुढे लोकांना दिली त्याहून कितीतरी जास्त. ताप चढला, टोचलेली जागा ठणकत राहिली, मग उतार पडला. परळच्या हाफकिन संस्थेमुळे हे नाव आपल्या ओळखीचं आहे आणि त्याबरोबर ही गोष्टही. तरी त्या सुईने सिद्ध काय झालं, हे नीट तपासायला हवं. उष्णता देऊन मारलेल्या जंतूंची ही लस एका धडधाकट माणसाच्या जिवावर बेतली नाही, एवढंच. हाफकिन यांना प्लेग झाला नाही हे खरं. पण लस न घेतलेल्या बहुसंख्य मुंबईकरांनाही तो झाला नव्हता.

कोणी म्हणेल, वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने १९२९ मध्ये दंडाच्या शिरेतून थेट हृदयापर्यंत नळी सरकवली आणि क्ष-किरण चित्र काढून घेतलं. तिथे एकच शरीर पुरलं ना? पुरलं, कारण प्रश्नच वेगळा होता. असं केल्यावर माणूस जगतो का, याला एक जिवंत माणूस हे पुरेसं उत्तर आहे. लस रोग टाळते का, याला मात्र तुलना लागते. हाफकिन यांच्या लसीची ती तुलना जानेवारी १८९७ च्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात झाली. तिथे प्लेग शिरला होता. साधारण निम्म्या कैद्यांनी लस घेतली. अन्न तेच, भिंती त्याच. टोचतानाच ज्यांच्या अंगात रोग होता ते वगळले, तर लस न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडून ६ दगावले. घेतलेल्यांत २ आजारी पडले आणि दोघेही वाचले. लसीचा पहिला खरा पुरावा हा आहे, आणि त्याचं श्रेय त्या अनाम कैद्यांना आपण फारसं देत नाही. गजाआडच्या माणसाची संमती कितपत मोकळी असते, हा आक्षेप मला रास्त वाटतो.

मग स्वतःला टोचणं निव्वळ देखावा होता का? मुळीच नाही. त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली सोजीर घराघरांत घुसून झडत्या घेत होते. अशा काळात सरकारी डॉक्टरच्या सुईपुढे दंड कोण करणार? जी जोखीम दुसऱ्याला घ्यायला सांगायची ती आधी आपण घेतली, म्हणून हाफकिन यांना निदान विचारण्याचा अधिकार मिळाला. पण त्या अधिकाराचीही हद्द होती. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. दोष प्रयोगशाळेचा ठरवून हाफकिन यांना दूर केलं गेलं. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, हे मान्य होऊन त्यांच्यावरचा ठपका पुसला जायला १९०७ उजाडलं. मुलकोवालच्या पाच वर्षं आधी मुंबईत घेतलेल्या १० घनसेंटिमीटरांना त्या बाटलीबद्दल काहीच सांगता येत नव्हतं.